पहिलं पाणी फिटरचं

सोनबा फिटर हापशाला कान लावत, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. एखाद्या बाईला दांडा मारायला सांगायचं, आपण डोक्यावरचा रुमाल काढून पंपाच्या लोखंडाला उजवा कान टेकवायचा आणि डोळे मिटून घ्यायचे. भोवती हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाया एकदम गप्प होत. दहाबारा ठोके ऐकून झाले की डोळे उघडून ते निदान सांगत. "वायसर गेला." नाहीतर, "सळईचा आटा सुटलाय, चौथ्या पाइपात." चौथा पाइप म्हणजे जमिनीखाली तीस-चाळीस फूट. आमच्या ओव्हरसियरनं एकदा त्यांची परीक्षा घ्यायची म्हणून सगळे पाइप वर काढायला लावले. आटा चौथ्याच पाइपात सुटला होता. ओव्हरसियर त्यानंतर दोन दिवस कुणाशी नीट बोलला नाही.

मी तेव्हा पाणी योजनेच्या कचेरीत टाइपिस्ट होते. सत्तरच्या पुढची दुष्काळाची वर्षं. कचेरी तळेगावच्या बाजूला, मी लोणावळ्याची. माझं इंग्रजी बरं आहे ही बातमी कुणीतरी वरपर्यंत पोचवली आणि टायपिंगच्या जोडीला दुभाषाचं कामही माझ्या गळ्यात पडलं. बाहेरच्या माणसाला आमच्याकडे पाणीटंचाई असते हे सांगितलं तर हसू येतं. चार महिने लोणावळ्यात छत्री वाळत नाही, भिंतींना शेवाळ धरतं, गादीलासुद्धा वास येतो. पण पडलेलं सगळं पाणी उतारावरून धावत सुटतं, आणि मार्च लागला की गडांच्या पायथ्याच्या वाड्यांमधल्या बाया एका कळशीसाठी मैलभर ओढ्यात उतरतात. या वाड्यांसाठी एका परदेशानं कातळात भोक पाडायची यंत्रं, पाइप आणि हातपंप पाठवले होते. पंप त्यांचा, सिमेंटचा ओटा आमचा, आणि पंप चालता ठेवणारा फिटरही आमचा, असा करार होता.

यंत्रांबरोबर एक इंजिनिअर साहेब आले. त्यांचं नाव आमच्या जिभेला पेलणारं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कचेरीच्या दाराची चौकट चार वेळा कपाळानं मोजली, म्हणून त्यांचं नाव पडलं लांबसाहेब. सोनबांनी त्यांच्याबद्दल एकच वाक्य उच्चारलं होतं. "मानूस बरा हाय. चुकलं तर चुकलं म्हनतो." सोनबांच्या तोंडून हे म्हणजे पदक होतं.

सोनबा पन्नाशीला टेकलेले, बारीक, काळेसावळे. खडीच्या क्रशरवर वर्षानुवर्षं काम करून यंत्रं दुरुस्त करायला शिकलेले. मराठी चौथीपर्यंत झालेलं. खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा सदरा, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांच्याकडे एक सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना फारसं पाहिलं नाही. चढावर ते खाली उतरत, उतारावर ब्रेकचा भरवसा नसे, आणि सपाटी आमच्याकडे थोडीच. सायकल पान्ह्यांची पिशवी वाहायची आणि सोनबा सायकलला सोबत करायचे. एवढ्या उन्हात फिरणारा माणूस, पण बरोबर पाणी कधी नाही. मी एकदा म्हटलं, एखादी बाटली ठेवावी. तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना छत्री घेऊन पोहायला सांगितलं.

"ताई, पानी दुरुस्त करनाऱ्यानं घरनं पानी न्यायचं? गावानं काय म्हनावं?"

म्हणजे पंप चालू होईपर्यंत हा माणूस कोरडा. मग कधी दुपारचे दोन वाजत, कधी चार.

पंपाबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते मराठीत करायचं काम माझ्याकडे होतं, आणि डबा खायच्या सुट्टीत सोनबा माझ्या टेबलासमोर येऊन बसत. "बुकात आज काय म्हनलंय?" मी वाचायचे, त्यांचं सगळं तोंडपाठ व्हायचं. पण ऐकून घेणं वेगळं आणि मानणं वेगळं. पहिल्याच पानावर एक चित्र होतं. फुलाफुलांचा झगा घातलेली गोरी बाई दोन बोटांनी दांडा धरून बादली भरते आहे, मागे एक गाय आणि एक घर. सोनबांनी ते पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"हिच्या मागं रांग कुटं हाय?"

"रांग नाही, सोनबाभाऊ. तिकडे एका घराचा एक पंप असतो."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले. "ह्या पंपाला शंभर बाया ठावंच न्हाईत."

आणि तेच झालं. साहेबांच्या देशात दांड्याची पिन दहा वर्षं टिकायची, आमच्याकडे पंधरा दिवस. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत दांडा थांबायचाच नाही, बिचाऱ्या पिनेनं करायचं काय? औंढे गावचा पंप महिन्यात दोनदा बसला, तेव्हा सोनबा कामशेतच्या एका लोहाराकडे गेले आणि मोडक्या बैलगाडीच्या आसाचं लोखंड ठोकून अंगठ्याएवढी जाड पिन करून घेतली. एका हातात तुटलेली, दुसऱ्या हातात ही, असे ते कचेरीत आले आणि साहेबांच्या टेबलावर दोन्ही पिना ठेवून उभे राहिले. बैलगाडीच्या आसाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ऐन वेळी आठवेना. मी कागदावर गाडी काढली, तीही इतकी वाईट की साहेबांना आधी ती म्हैस वाटली. पण पिन त्यांना कळली. ती औंढ्याला बसवली आणि पुढचा पावसाळा, हिवाळा गेला तरी तुटली नाही. साहेबांनी तिचं माप काढून चित्र आपल्या देशात धाडलं, आणि एक पिन स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. नंतरच्या पंपांबरोबर तिकडून जाड पिना आल्या. सोनबांनी खोक्यातून एक उचलून तिचं वजन हातावर पाहिलं. "शिकला," एवढंच म्हणाले.

दुसरी भानगड वायसरची. पंपाच्या पोटात वाटीच्या आकाराचा चामड्याचा वायसर असतो आणि पाणी त्यातून वर येतं. एका गावी सोनबा ओट्यावर बसून नवा वायसर तेलात मुरवत होते. शेजारी गळ्यात माळ घातलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी विचारलं हे काय, सोनबांनी सरळ सांगितलं, आणि गृहस्थ चार पावलं मागे सरले.

"चामड्यातनं आल्यालं पानी आमी पिनार न्हाई."

"तुमच्या हिरीवर मोट हाय न्हवं?" सोनबांनी मान वर न करता विचारलं. "मोट कशाची असती?"

"मोटंचं पानी पिकाला जातं."

"आन पीक कुटं जातं?"

भोवतीच्या बाया पदरात तोंड लपवून हसल्या. गृहस्थांनी दोन दिवस त्या पंपाचं पाणी सोडलं होतं असं मागाहून कळलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सूनबाईनं घरात पाणी कुठून येतं हे सांगायचं बंद केलं, आणि प्रश्न मिटला.

आता मुख्य गोष्ट. दुरुस्ती झाली, दांडा मारला, आधी गढूळ मग स्वच्छ धार लागली, की सोनबा हात वर करून सगळ्यांना थांबवत. "तांब्या आना." पंपाच्या सर्वांत जवळचं जे घर असेल त्या घरचा तांब्या. तो स्वतः भरायचा, वरून धार न धरता चांगलं तोंड लावून सगळ्यांसमोर प्यायचा, मिशा पुसायच्या, आणि मग म्हणायचं, "आता भरा."

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चकित झाले. कारण सोनबा कोण हे गावागावांत माहीत होतं. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी घरातले देव इंद्रायणीत सोडले होते आणि घर बौद्ध झालं होतं. पण देव सोडणाऱ्यांनी सोडले, बाकीच्यांचा विटाळ जागच्या जागी होता. ज्या गावात सोनबांना उंबऱ्याच्या आत कुणी ये म्हणालं नसतं, तिथे घरातला पितळी तांब्या त्यांच्या ओठांना लागत होता. तांब्या परत गेल्यावर घरची बाई तो तीन-तीनदा राखेनं घासायची. तेवढा वेळ सोनबा आपले पान्हे एकेक करून फार काळजीपूर्वक पुसत बसत.

"हे कशासाठी?" मी एका गावकऱ्याला विचारलं.

"बुकात हाय, बाई," तो मलाच समजावू लागला. "दुरुस्तीचं पयलं पानी फिटरनं प्यायचं. त्येला काय झालं न्हाई तर गावानं प्यायचं. साहेबाच्या देशात तसंच करत्यात."

"आन फिटर मेला तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"दुसरा मागवायचा," सोनबा म्हणाले.

परतताना जीपमध्ये मी त्यांना हळूच विचारलं, "सोनबाभाऊ, पुस्तक मी मराठीत केलंय. हे कुठल्या पानावर आहे?"

"शेवटच्या पानाच्या मागच्या अंगाला," सोनबा बाहेर बघत म्हणाले.

शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी आहे हे मला माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी ती उघडून पाहिली.

मी ते कुणाला सांगितलं नाही. ते कळल्यामुळे असेल, एकदा डबा खाताना सोनबा आपण होऊन बोलले. "माझी आय पानवठ्यापासनं लांब उनात बसायची, हंडा म्होरं ठिवून. कुनी तरी यील, वरनं वतंल. कवा तासानं, कवा दोन तासांनी. म्या तिला कदी इचारलं न्हाई, तुला तान लागत न्हाई का. आता इचारावं वाटतं, तर ती न्हाई." एवढं बोलून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि बुकाचं पुढचं पान वाचायला सांगितलं. मला ते पान नीट वाचता आलं नाही. लोणावळ्याला आमच्या मागच्या दारी कोनाड्यात एक कानतुटका कप वेगळा ठेवलेला असे. तो कुणासाठी हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तो तिथे का आहे हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

शेवट कसा झाला ते आधीच सांगून टाकते. एका वाडीचा अर्ज कचेरीत आला की फिटर लोकांची फसवणूक करतो. लांबसाहेब वरच्या अधिकाऱ्यांशी तावातावानं बोलले, पण त्यांचा अधिकार पंपावर होता, माणसांवर नव्हता. आठ दिवसांत सोनबांची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. तो इंग्रजी हुकूम मीच टाइप केला, आणि दोनदा चुकले. हुकूम वाचून घ्यायला ते माझ्याकडे आले नाहीत, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतला आणि परस्पर गेले. त्यामुळे ज्या दिवशी हा अर्ज जन्माला आला, त्या दिवसाचेच सोनबा माझ्यापाशी शेवटचे म्हणून राहिले आहेत.

वाडी लोहगडच्या अंगाची. नाव सांगत नाही, तिथे आता माझ्या ओळखीची माणसं आहेत. एप्रिल होता. पंप पंधरा दिवस बंद, बाया पुन्हा ओढ्यात उतरू लागलेल्या. हा पंप सारखा का बसतो ते बघायला लांबसाहेब जातीनं आले होते, म्हणून मीही होते. सोनबा सकाळी कामाला लागले. वाडीतल्या सहा गड्यांनी त्यांच्याबरोबर पाइप वर ओढले. एकाच पाइपावर सात जणांचे हात, एकमेकांना चिकटून, घामानं निथळत. पाइप सुटला तर बोअर कायमचा जाईल, म्हणून कुणाचा हात कुणाला लागतोय हे तेव्हा कुणी पाहत नव्हतं. वायसर बदलला, पाइप परत उतरले, दुपारचे तीन वाजले. बायांची एकवीस हंड्यांची रांग लागलेली. सोनबा वरचे नट आवळायला बसले, आणि वाडीचे आबा पुढे आले.

आबा म्हणजे वाडीतला शेवटचा शब्द. कधी आवाज चढवत नसत. त्यांचा एक भाचा आमच्याच कचेरीत शिपाई होता, आणि माझं मराठी पुस्तक त्यानं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. माझ्या भाषांतराला लाभलेला तो एकमेव वाचक.

"ताई," आबा म्हणाले, "साहेबाला येक इचारा. फिटरनं घरच्या तांब्यानं तोंड लावून पयलं पानी प्यायचं, हे त्यांच्या बुकात हाय का?"

मी साहेबांकडे पाहिलं, मग सोनबांकडे. साहेबांना मराठी येत नव्हतं, आबांना इंग्रजी. मधे मी. मला हवं ते दोघांच्या तोंडी घालता आलं असतं, आणि खरं सांगते, मी घालणारही होते. एका वाडीनं फिटर नाकारला की दुसरी नाकारणार, आणि मग सोनबांना मावळात कामच उरणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"ताई, साहेबाच्या तोंडात नसल्यालं घालू नका," सोनबा म्हणाले. पान्हा खाली ठेवून ते उठले. "आबा, बुकात न्हाई. मीच सांगत आलो."

"मंजी तीन सालं आमच्या तांब्याला..." आबा म्हणाले.

"व्हय. तीन सालं."

साहेब मला पुन्हापुन्हा विचारत होते काय चाललंय. मी सगळं सांगितलं, राखेसकट. मग खिशातून ती जाड पिन काढून साहेबांनी आबांसमोर धरली आणि म्हणाले, हीसुद्धा आमच्या पुस्तकात नव्हती. या माणसानं दाखवली, मग आम्ही घेतली. मी ते मराठीत सांगितलं.

"पिनीचं येगळं," आबा म्हणाले. "साहेब, हापसा तुमचा, आमी मानतो. फिटर दुसरा पाठवा."

दोन नट आवळायचे राहिले होते. मला वाटलं, आता हे पान्हा पिशवीत टाकणार आणि चालू लागणार. मी असते तर तेच केलं असतं. सोनबा खाली बसले, दोन्ही नट आवळले, सांध्यात ग्रीस भरलं आणि दांडा मारू लागले. गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ धार लागली. त्यांनी हात वर केला नाही, तांब्या मागितला नाही. पिशवी उचलून ते उंबराच्या सावलीत दगडावर जाऊन बसले. सकाळपासून त्यांच्या घशाखाली थेंब गेला नव्हता.

रांग मात्र हलेना. तीन वर्षांची सवय. पहिला हंडा कुणी लावायचा हे कुणालाच ठरवता येईना.

"भरा की," आबा म्हणाले.

तेव्हा रांगेतून पारूमावशी निघाल्या. आबांच्याच घरच्या, त्यांची बायको. ओढ्याच्या वाटेवर ठेच लागून अंगठा फुटलेला, त्याला चिंधी बांधलेली. त्यांनी हंड्यातला तांब्या काढला, दांडा मारून भरला आणि लंगडत उंबराकडे चालू लागल्या.

"काय करतीस?" आबांनी विचारलं.

"पानी देते."

"ऐकलंस न्हवं? बुकात न्हाई."

"मला मेलीला कुटं वाचाया येतंय?" मावशी न थांबता म्हणाल्या.

सोनबा उभे राहिले, पण हात पुढे करेनात. "ऱ्हाऊ द्या, मावशी. घरात तंटा हुईल."

"घरातला तंटा मी बगंन. घ्या. तोंड लावून प्या."

सोनबांनी तांब्या घेतला. मला वाटलं घटाघटा पितील, पण दोन घोटांवर थांबले. कपाळाला आठी पडली, पंपाला कान लावताना पडायची तशीच. त्यांनी जीभ टाळ्याला लावून पाहिली.

"मावशी," ते म्हणाले, "ग्रीस लागतंय. आजून धा हंडे वतून द्या, मंग भरा."

मावशींनी त्यांच्या हातातून तांब्या घेतला. तो विसळला नाही, पुसला नाही. तिथेच उभ्या राहून उरलेलं पाणी त्या तोंड लावून प्यायल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लागतंय खरं."

मग त्या परत ओट्यावर गेल्या, आणि बायांनी दहा हंडे उतारावर ओतून दिले.